सहा दाणे आणि एक तार

१

मोटार दुपारी अडीचला जळाली आणि संध्याकाळी साडेपाचला मी गुन्हेगार शोधून मोकळा झालो. इतक्या झटपट माझ्या हातून आयुष्यात दुसरं कुठलंच काम झालेलं नाही. हेही व्हायला नको होतं.

गोष्ट पंच्याऐंशी सालच्या एप्रिलमधली. पांढुर्ण्याला रघुनाथरावांचं कापसाचं जिनिंग-प्रेसिंग होतं. तिथे गाठी बांधायच्या प्रेसवरची शंभर हॉर्सपॉवरची मोटार जळाली, म्हणून त्यांचा इंजिनिअर अनिल जीप घेऊन सौसरला माझ्या दारात आला. मी श्रीधर. तीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवला आणि रिटायर झालो. सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत ज्याच्या खिशात टेस्टर आहे तो मला ‘मास्तर’ म्हणतो. त्यातल्या निम्म्यांना मी खरंच शिकवलं आहे. अनिल त्यांतलाच, आणि लाडका. एरवी अखंड बोलणारा पोरगा त्या दिवशी जीपमध्ये एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, घाबरला असेल.

जिनिंगमध्ये जळक्या वार्निशचा वास कोंदला होता. काम थांबलं म्हणून साठेक मजूर, बाया आणि बुवे, प्रेसभोवती उभे होते. रघुनाथराव खुर्चीवर बसले होते आणि मोटार चालवणारा चिंधू पॅनेलपाशी उभा होता. चिंधू मूळचा रामाकोन्याचा. चोवीस वर्षं ती मोटार त्याच्याच हाती होती.

वाचकहो, दोन मिनिटं सबुरी ठेवा, मोटारीचं थोडं सांगतो. मागच्या दिवाळीआधी ही मोटार नव्याने बांधून घेतली, म्हणजे आतली तांब्याची वेटोळी बदलून घेतली, तेव्हाच तिचा ताप ओळखणारं काहीतरी बसवायचं ठरलं होतं. बाजारात तीन प्रकार होते. एक म्हणजे मोटारीच्या अंगावर लावायचं काट्याचं तापमापक. ते दिसायला छान, पण त्याला वरची कातडीच तेवढी कळते, आतलं तांबं किती तापलं ते कळत नाही. दुसरा, दोन धातूंच्या पट्टीचा खटका. तो तापून वाकला की वीज तोडतो, पण जरा आळशी. तिसरा थर्मिस्टर, म्हणजे मसुरीएवढा दाणा. तो तांब्याच्या वेटोळ्यातच बांधून टाकायचा. ठरलेल्या डिग्रीला पोचला की त्यातून वीज जाईनाशी होते आणि पॅनेलमधला रिले मोटार बंद करतो. अनिलने असे सहा दाणे निवडले. मी त्याला पोस्टकार्ड टाकून शाबासकी दिली होती.

तरीही मोटार जळाली. कारण शोधायला वेळ लागला नाही. पंख्याची जाळी रुईच्या तुसाने गच्च बुजली होती. करंट नेहमीचाच, म्हणून जादा करंटवर पडणारा जुना खटका पडला नाही. हवा मात्र बंद. असल्या वेळेसाठीच तर ते दाणे असतात. मग त्यांनी मोटार थांबवली का नाही?

मी रिलेवर फुंकर मारून तूस उडवलं, झाकण काढलं, दाण्यांच्या जागी वीज अडवणारा रेझिस्टर जोडला. रिले खटकन पडला. ठणठणीत! दाणे अनिलने महिन्यापूर्वीच मीटर लावून तपासले होते, तेही चांगले. मग उरलं काय? दाण्यांच्या दोन टोकांवर बाहेरून तार जोडली, की आत वणवा पेटला तरी रिलेला सगळं थंड वाटतं. आळशी ऑपरेटर हे करतात. मोटार मध्येच बंद पडली की त्यांना कटकट होते.

रघुनाथरावांनी चिंधूचा डालड्याचा डबा उपडा करायला लावला. पक्कड, चिकटपट्टी, बिडीचं बंडल आणि दोन्ही टोकं उघडी असलेली वीतभर तार.

“हीच ती,” मी म्हणालो. साठ माणसांसमोर, वर्गात म्हणतात तसं, खणखणीत आवाजात.

चिंधूने तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “म्या तार लावली नाई जी, मास्तर.”

“मग रिले झोपला होता का?”

कुणीतरी हसलं. चिंधू पुन्हा त्या तारेकडे पाहू लागला.

“चोवीस वर्षं भरोसा ठेवला याच्यावर,” रघुनाथराव उठले. “सोमवारी थान्यात रिपोर्ट देतो. मास्तर, तुमी लिहून द्या. चिंधू, किल्ल्या ठेव अन् निंघ.”

चिंधूने किल्ल्या ठेवल्या. मी ती तार रुमालात बांधून घरी आणली आणि रात्री छान झोपलो.

२

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळच्या पहिल्या बसने चिंधूची बायको वच्छला आमच्या घरी आली. तीही त्याच जिनिंगमध्ये कामाला होती, त्या साठांमध्ये तीही उभी होती. माझ्या बायकोने, कमलने, तिला चहा दिला. तिने तो तसाच खाली ठेवला.

“मास्तर, मी भांडाले नाई आली. एक गोष्ट इचाराले आली.”

“विचार.”

“होळीपासून हा मानूस सांगून राह्यला होता का मोटार हाताले भाजून राह्यली. रोज सकाळी उलटा हात लावून पाहे. अनिलबाबूले सांगतलं. मालकाले सांगतलं. दोघंही म्हने, आता यंत्र बसवलं न, तुह्या हाताचं काय काम? मी माह्या कानानं आयकलं.” ती थांबली. “ज्यानं सोताच तार लावून ठेवली, तो मोटार तापली, मोटार तापली अशी बोंब कायले मारन जी?”

चहाला हात न लावता ती उठली.

ती निघून गेल्यावर मी रुमाल सोडला. भिंग घेऊन खिडकीत बसलो. रिलेचा स्क्रू तारेवर आवळला की तांब्यावर त्याचा चावा उमटतो, कायमचा. या तारेची टोकं गुळगुळीत होती. एका टोकाला दिव्याच्या होल्डरचा काळसर डाग होता. म्हणजे ही नुसती टेस्टलॅम्पची, वीज येते का ते पाहायच्या दिव्याची तार. तसली तार माझ्याही पेटीत आहे, प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या पेटीत असते.

आणि आणखी एक आठवलं. रिलेच्या स्क्रूंवर तूस बसलेलं होतं. अख्ख्या हंगामाचं, सायीसारखं एकसंध. तिथे कुणी तार जोडली, काढली असती तर ते तूस हललं असतं. ते शाबूत होतं. ते मीच फुंकर मारून उडवलं होतं.

“काल चष्मा घातला होता न?” कमलने विचारलं.

“घातला होता.”

“मग?”

मग काय? डोळे होते, चष्मा होता, साठ माणसं ऐकायला होती. त्या गर्दीत डोकं तेवढं कुठेतरी राहून गेलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाजेने चिंधू सुटणार नव्हता. सोमवारला तीन दिवस होते, आणि आता कोडं पहिल्यापेक्षा अवघड झालं होतं. तार नव्हती. रिले जागा होता. दाणे शाबूत होते. आणि तरी मोटार जळाली होती.

३

दुपारी पांढुर्ण्याला गेलो. आधी दादारावाकडे. स्टेशनजवळ त्याचं मोटारी बांधायचं दुकान. जळालेली मोटार तिथे आणून टाकली होती. दाणे चुकीच्या जागी बांधले असतील, पंख्याच्या थंड बाजूला, तर त्यांना ताप कळणारच नाही. माझा संशय तिथे होता.

दादाराव संशय ओळखण्यात पटाईत. “पाहून घ्या,” तो म्हणाला आणि त्याने काळं पडलेलं वेटोळं माझ्यापुढे फोडलं. दाणे अगदी आत, जिथे मोटार सर्वांत जास्त तापते तिथे, सुती फितीने घट्ट बांधलेले होते. मी शिकवलं असतं तसं. “आनखी काही?”

“वेटोळ्यावर वार्निश कुठलं वापरलं?”

“जे कायम वापरतो ते. एकशेतीस डिग्रीवालं. त्याच्यावर गेलं का ते करपते अन् मोटार जळते. अनिलबाबूले तवाच सांगतलं होतं.”

“आणि दाणे किती डिग्रीचे होते?”

“पुडीवर इंग्रजीत लिहेल राह्यते, म्या नाई वाचत. अनिलबाबूनं पुडी देल्ली, म्या बांधली.” त्याने सहा दाणे माझ्या हातावर ठेवले. “तीन मेले. तीन जित्ते हायेत.”

या दाण्यांचं एक असतं. त्यांच्या वायरीच्या रंगावरून ते किती डिग्रीला जागे होतात ते कळतं. दोन्ही वायरी निळ्या तर एकशेतीस. दोन्ही काळ्या तर एकशेपन्नास. पण आगीत सगळ्याच वायरी काळ्या झाल्या होत्या. रंग आता काही सांगणार नव्हता.

तिथून जिनिंगमध्ये जाऊन रिले मागितला. रघुनाथराव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “कायले पाह्यजे? काल तर तुमी फैसला देल्ला.”

“जाळी किती दिवसांत साफ केली नव्हती, रघुनाथराव?”

“पयले दर शनिवारी मोटार थांबवून चिंधू साफ करे. होळीनंतर माल लय आला. म्या म्हनलं, थांबवू नको. तापली तर यंत्र बंद करन आपोआप. त्याच्याचसाठी तर बसवलं न?”

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला रागही आला नाही. पांढुर्ण्यातल्या कुणाही मालकाने हेच म्हटलं असतं.

घरी येऊन कमलला म्हटलं, “कढई दे. आणि शेंगदाण्याचं तेल.”

“भजी?”

“दाणे तळायचेत.”

तिने माझ्याकडे पाहिलं, पण कढई दिली. मी जिवंत दाण्यांपैकी एक रिलेला जोडला, तेलात सोडला आणि शेजारी आयटीआयच्या जमान्यातलं काचेचं तापमापक धरलं. स्टोव्ह बारीक ठेवला. शंभर झाले, रिले गप्प. एकशेवीस, गप्प. एकशेतीस. इथे खटका पडायला हवा होता. पडला नाही. कमल दारात उभी राहून पाहत होती. एकशेचाळीस. माझ्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला. एकशेअठ्ठेचाळीस, एकशेपन्नास, आणि खट्!

दुसरा दाणा. एकशेपन्नास. तिसराही तेवढ्यालाच.

म्हणजे सगळं उलगडलं. होळीपासून मोटार एकशेतीसच्या वर आणि एकशेपन्नासच्या खाली शिजत होती. वार्निश रोज थोडं थोडं करपत होतं आणि दाण्यांच्या लेखी अजून काहीच घडलेलं नव्हतं. घर लुटून झाल्यावर भुंकणारं कुत्रं बसवलं होतं कुणीतरी. काल मी सगळं तपासलं होतं, फक्त एक प्रश्न विचारला नव्हता: किती डिग्रीला?

“पण एकशेपन्नासचे का आणले?” मी मोठ्याने म्हणालो. “वार्निश एकशेतीसचं आहे हे माहीत असूनही?”

“नातवाला सदरा घेता तसं,” कमल स्टोव्ह विझवत म्हणाली. “वाढत्या अंगाचा. दोन बोटं मोठा असला तर बरा.”

ती सहज बोलून गेली. मला मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं, कारण हा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल ते मला कळत होतं, आणि ते मला कळायला नको होतं.

४

शनिवारी सकाळी जिनिंगच्या ऑफिसात गेलो. तिथे टायपिंग आणि फायली प्रेमलता नावाची मुलगी सांभाळत असे. बाप शाळामास्तर, त्यामुळे कागदाचा एक चिटोरा वाया घालवत नसे.

“तापाच्या यंत्राची फाइल दे.”

तिने फाइल दिली. सप्टेंबर चौऱ्याऐंशीतली ऑर्डर होती. चार तारखेचं पत्र: सहा दाणे, एकशेतीस डिग्री. अगदी बरोबर. त्याच्यानंतर एक पान फाटलेलं. कडेला दोऱ्यात कागदाची चिंधोटी तेवढी राहिली होती.

“हे कधी फाटलं?”

ती गोंधळली. “बुधवारी सगळं जागेवर होतं, सर. मी पानांवर नंबर टाकते.”

बुधवार. मोटार जळाली गुरुवारी.

“जावक रजिस्टर पाहा. चार तारखेनंतर त्याच कंपनीला पत्र गेलं का?”

तिने बोट फिरवलं. “गेलं. एकोणीस सप्टेंबरला. ‘ऑर्डरीत बदल.’ हो, आठवलं. अनिलबाबूंनी हाताने लिहून दिलं होतं, मी टाइप केलं.” आणि मग जरा लाजून, “तो कच्चा कागद असेल माझ्याकडे. कोऱ्या बाजूवर मी भावाला गणितं घालते.”

कच्च्या कागदांचा एक गठ्ठा तिने टेबलावर उलटापालटा केला. एका कागदाच्या मागच्या बाजूला त्रैराशिक होतं, आणि पुढच्या बाजूला अनिलचं अक्षर. ते अक्षर मीच घोटून घेतलेलं. मी वाचलं.

‘आमच्या भागात उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीपर्यंत तापमान जाते. पुस्तकातले आकडे थंड मुलखाचे असतात, इकडच्या उन्हाचा हिशेब धरून चालावे लागते. तरी एकशेतीसऐवजी एकशेपन्नासचे दाणे पाठवावे.’

मी खुर्चीत बसलो.

“सर, पाणी देऊ?” प्रेमलताने विचारलं.

मधलं वाक्य अनिलचं नव्हतं. ते माझं होतं. वर्षानुवर्षं, दर मार्च-एप्रिलमध्ये, फळ्याकडे पाठ करून मी ते म्हणत आलो होतो. पोरं हसायची, मला आवडायचं. माझा अर्थ असा, की इकडे ऊन जास्त, म्हणून मोटारीवर ओझं कमी घाला, तिला हवा जास्त द्या. पण हा पुढचा भाग मी दर वेळी सांगितला होता का? का हशा मिळाला की पुढच्या धड्याकडे वळलो होतो? शपथेवर सांगता येत नाही. वार्निशला गाव कळत नाही. पांढुर्ण्यात काय नि सिमल्यात काय, ते एकशेतीसलाच करपतं. एवढं एक वाक्य मी पुढे जोडायला हवं होतं.

“अनिल कुठे आहे?”

“शनिवार आहे न सर. जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला गेले असतील.”

५

मंदिराच्या बाहेर, नारळाच्या दुकानांपलीकडे एका झाडाखाली अनिल बसला होता. कपाळाला शेंदूर होता. मला पाहून तो उठला नाही. मी शेजारी बसलो आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने तो वाचलाही नाही. “कुठे मिळाला?”

“प्रेमलताच्या गणितात.”

तो हसल्यासारखं करायला गेला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. “मोटार जळाली त्याच क्षणी मला कळलं होतं, सर. वार्निश जळाल्याचा वास आला न, तेव्हाच. दादाराव म्हणाला होता एकशेतीस. मी म्हटलं, ते कंपनीचं बोलणं. दुपारी उन्हात रोज मोटार बंद पडली तर मालक मला उभं करतील का? वीस डिग्री जास्त असलेले बरे.”

“आणि पान फाडलंस.”

“ते तुम्ही गेल्यावर.” आता त्याने माझ्याकडे पाहिलं. “सर, तुम्हाला बोलवायचं मालकांच्या डोक्यात नव्हतं. मी म्हटलं, मास्तरांना आणतो. मला वाटलं, तुम्ही आल्याबरोबर विचाराल, दाणे किती डिग्रीचे? मी सांगून टाकणार होतो. जीपमध्ये मनात तेच घोकत होतो. तुम्ही विचारलंच नाही. पाच मिनिटांत म्हणालात, तार. मग...”

“मग तू गप्प बसलास.”

“तुमचं चुकेल असं मला वाटलंच नाही. एक क्षणभर मलाच वाटलं, असेल बापा, चिंधूनेच लावली असेल. माझी सुटका झाली. मग संध्याकाळी लक्षात आलं, आपल्याला तर माहीत आहे.” तो रडायला लागला. बत्तीस वर्षांचा बाप्या, शनिवारच्या गर्दीत, हमसून हमसून.

मी त्याला रागावलो नाही. रागवायचा हक्क कुठून आणू? त्याचा गुन्हा खरा होता, भेकडपणाही खरा होता. पण त्याला आकडा चुकवायला शिकवलं मी आणि लपायला जागाही मीच करून दिली. लाडका विद्यार्थी म्हणतात तो असा.

“ऊठ,” मी म्हणालो. “आधी मालकाकडे. मग रामाकोन्याला.”

रघुनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं. अनिलने स्वतः सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मालकांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “गलती तर माहीही हाये. जाळी म्याच साफ करू नाई देल्ली.” आणि थोड्या वेळाने, “थान्यात जात नाई. त्याले बोलावून आना.”

इथे रहस्यकथा संपायला हवी. कोडं सुटलं, निरपराध सुटला. मलाही त्या संध्याकाळी तसंच वाटलं होतं.

६

रविवारी छोट्या लाइनीच्या गाडीने आम्ही दोघं रामाकोन्याला उतरलो. चिंधू घरासमोर बाजेवर बसला होता. आम्हाला पाहून तो उठून उभा राहिला. वच्छला दारात आली, पण बाहेर नाही.

मी सगळं सांगितलं. दाणे, कढई, कागद, माझं वर्गातलं वाक्य. अनिलने पाय धरले, चिंधूने घाईघाईने त्याला उठवलं. “असं नोका करू बाबू. मोठ्या मानसानं असं नाई करावं.”

“तू तार लावली नव्हतीस, चिंधू,” मी म्हणालो. “माझी चूक झाली.”

तो माझ्याकडे पाहत राहिला, जणू मी काय म्हणालो ते त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.

“नोती लावली?” त्याने विचारलं.

“नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

तो मटकन बाजेवर बसला. “मले तीन दिवसांपासून वाटून राह्यलं होतं का म्या लावलीच असंन. तुमी म्हनलं म्हनल्यावर कशी नसंन? मास्तर खोटं बोलत नाई. म्या म्हनलं, कधीतरी लावली असंन अन् भुललो असंन. रातभर आठोत बसलो, कोन्या दिवशी लावली. एक दिवस आठोलाही. पोयाच्या दुसऱ्या दिवशी. पक्कं आठोलं मले.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “पोयाले तर मोटार बांधाले जायेल होती न?”

पोळा भाद्रपदाच्या तोंडावर. तेव्हा ना दाणे होते, ना रिले. एका सज्जन माणसाने माझ्या शब्दाखातर न केलेल्या गुन्ह्याची तारीख शोधून काढली होती.

“मालक बोलावतात,” अनिल कसाबसा म्हणाला. “चला भाऊ.”

चिंधूने वच्छलेकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच बोलली. “मास्तर, इथं घरात येऊन सांगतलं, बरं केलं. पन जेवढ्या लोकाइसमोर तवा म्हनलं, तेवढ्याइसमोर म्हना.”

तिचं बरोबर होतं. पण मोटार जळाल्यावर हंगाम मोडला होता. ते साठ लोक आपापल्या गावी पांगले होते. सोमवारी मी जिनिंगमध्ये गेलो आणि त्याच जागी उभं राहून बोललो, तेव्हा तिथे नऊ माणसं होती. त्यातला एक चौकीदार.

मग प्रेमलताकडून हजेरीच्या वहीतली नावं, गावं उतरवून घेतली. एप्रिल-मे मी आणि अनिल तेच करत फिरलो. बसने, बैलगाडीने, बऱ्याच वेळा पायी. कुणी संत्र्याच्या बागेत आळी करत होतं, कुणी लग्नाला गेलेलं, परत जावं लागे. मी सांगायचो: चिंधूने तार लावली नव्हती, मी चुकीचं बोललो. लोक ऐकायचे, गूळपाणी द्यायचे. काही जण तर हा प्रकार विसरूनही गेले होते. कमल म्हणायची, या उन्हात मराल. मी म्हणायचो, इकडच्या उन्हाचा हिशेब माझ्याएवढा कुणी धरलाय?

मोहगावाकडच्या एका वस्तीत केसरबाई नावाची म्हातारी भेटली. जिनिंगमध्ये ती रुई वेचायची. माझं बोलणं पुरतं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “हे सांगाले एवढ्या दूर आले? आमाले तर तवाच मालूम होतं जी. चिंधूभाऊ असं करन काय?”

“मग तेव्हा बोलला का नाही कुणी?”

“तुमी म्हनलं न,” ती म्हणाली. “मास्तर म्हनल्यावर आमी कोन बोलनारे?”

तिने मला आणखी पाणी दिलं. मी ते प्यालो आणि पुढचं घर कुठलं ते विचारलं.

दिवाळीनंतर नवी बांधलेली मोटार आली. दाणे एकशेतीसचे. या वेळी वायरी निळ्या आहेत हे मी, अनिलने आणि दादारावाने तिघांनीही पाहिलं. जाळी दर शनिवारी साफ होते, मालक स्वतः उभे राहतात. अनिल तिथेच आहे, पण हल्ली फार कमी बोलतो. चिंधूही परत आला. लोकांनी त्याला हार घातला, त्याने तो काढून मोटारीला घातला.

पहिला आठवडा झाल्यावर मी मुद्दाम गेलो. मोटार चालू होती. चिंधू पॅनेलपाशी उभा होता, दोन्ही हात मागे बांधून. रिलेचा हिरवा दिवा पाहत.

“कशी काय आहे मोटार?” मी विचारलं.

“दिवा हिरवा हाये जी.”

“ते दिसतंय. तू हात लावून पाहिलास का?”

“नाई.”

“पाहा की. तुझ्या हाताला कळतं.”

तो माझ्याकडे पाहून हसला. रागाने नाही, अगदी आदराने. “आता हाताचा भरोसा नाई राह्यला, मास्तर. यंत्राले इचारा.”

मी बराच आग्रह केला. त्याने हात मागेच ठेवले. शेवटी मीच पुढे होऊन उलटा हात मोटारीला लावला. ती गरम होती. पण गरम म्हणजे रोजची का जास्तीची, ते मला कळेना. तसं सांगणारा तिथे एकच माणूस होता, आणि तो दिव्याकडे पाहत होता.